जागाताई

माझी मावशी एका ऑपेरा कंपनीत उभं राहायच्या कामाला होती. गायच्या नाही, नाचायच्या नाही, झाडायच्या-पुसायच्याही नाही. लोक विचारायचे, "म्हणजे नेमकं काय करतात त्या?" आई, म्हणजे तिची थोरली बहीण, सांगायची, "उभी राहते." "हो, पण करते काय?" "अहो, तेच."

ऑपेरा म्हणजे सगळं गाऊन सांगायचं नाटक. भांडायचं ते गाऊन, माफी मागायची ती गाऊन, आणि मरायचं झालं तर सगळ्यात जास्त गाऊन. आमच्याकडची कंपनी अगदी लहान. पूर्वीचं धान्याचं कोठार, त्यात तीनशे खुर्च्या, बारा वादक आणि एक पियानो. माझे बाबा तिथले सुतार. राजवाडे, तुरुंग, जहाजं, चर्चचे मनोरे असं सगळं ते फळ्या आणि कापडातून उभं करायचे आणि खेळ संपले की मोडून पुढच्या खेळाला वापरायचे. राणीच्या सिंहासनाचे पाय पुढच्या वर्षी कोंबड्यांच्या खुराड्याला लागलेले मी पाहिलेत.

नवा खेळ बसवताना गाण्याच्या तालमी वरच्या मजल्यावर चालायच्या आणि खाली रंगमंचावर दिव्यांची तालीम. गायिका कुठल्या पायरीवर थांबणार, कुठे वळणार, कुठे कोसळणार, त्या प्रत्येक जागी उजेड किती हवा, कुठल्या रंगाचा हवा, सावली नाकाच्या कुठल्या बाजूला पडायला हवी, हे ठरवायला दुपारच्या दुपार जाते. तेवढा वेळ गायिकेलाच उभं केलं तर तिचे पाय जातात, आणि पायांपाठोपाठ आवाज. म्हणून तिच्या उंचीचं दुसरं कुणीतरी तिचा झगा खांद्यावर टाकून तिच्या जागी उभं राहतं. ते दुसरं कुणीतरी म्हणजे मावशी. ती राण्यांच्या जागी उभी राहिली, कोळिणींच्या, एका चेटकिणीच्या, एकदा तर देवदूताच्या. देवदूताच्या वेळी बाबांनी तिला उंच फळीवर चढवून दोरीनं बांधलं होतं. ती वरून म्हणाली, "भावोजी, गाठ नीट मारा. घरी जाऊन माझ्या बहिणीला तोंड दाखवायचंय तुम्हाला."

त्याआधी बावीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानाला यंत्र, समोर भोकांची पाटी, हातात दोऱ्या. घंटी वाजली की दोरी खोचायची आणि म्हणायचं, "बोला." दिवसाला शेकडो वेळा. मग नवी यंत्रं आली, माणसं आपापले नंबर आपणच फिरवायला लागली, आणि बेचाळिसाव्या वर्षी मावशी घरी बसली. लग्न झालं नव्हतं. एकदा ठरलं होतं, पोस्टातल्या एका कारकुनाशी. पण लहानपणीच्या तापानं तिच्या हृदयाची झडप अधू केली होती आणि ते मुलाच्या आईच्या कानावर गेलं. तो मुलगा भला होता म्हणे. तिला सांगायला स्वतः आला आणि रडला. मावशीच त्याला पाणी देऊन बसली. आजोबा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. त्या खोलीत पलंग ठेवला की दार अर्धंच उघडायचं.

एका दुपारी बाबा घाईघाईनं घरी आले आणि म्हणाले, "उंचीला तूच आहेस. चल, नुसतं उभं राहायचंय."

"नुसतं?"

"नुसतं. बोलायचं नाही."

"बावीस वर्षं नुसती बोललेय, भावोजी. बघू हेही करून."

कंपनीतला दिव्यांचा माणूस तेव्हा पन्नाशीचा असेल. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. तो रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध टेबल टाकून बसायचा, टेबलावर झाकलेला छोटा दिवा, तोंडात खोकल्याची गोळी आणि हातात माईक. त्याच्यापुढे आजवर कोरसमधली पोरं उभी राहायची. ती नाक खाजवायची, एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायची, शेजारच्याला विनोद सांगायची. मावशीला त्यानं खडूच्या खुणेवर उभं केलं आणि कामाला लागला. पाऊण तासानं त्याच्या लक्षात आलं की समोर बाई आहे, खांब नाही.

"बाई," तो माईकवर म्हणाला, "झोपलात का?"

"नाही," मावशी म्हणाली, "जागी आहे."

"जागी आहात आणि जागच्या जागी आहात!" उस्ताद हसला. तेव्हापासून तिचं नाव पडलं जागाताई. आईला ते कधीच आवडलं नाही. ती म्हणायची, "नाव जागाताई आणि उभ्या उभ्या स्वप्नं बघते."

त्यात खोटं काही नव्हतं. मी तेव्हा नर्सिंग शिकत होते आणि सुट्टीच्या दुपारी बाबांचा डबा घेऊन तिथे जायचे. बाहेर लख्ख ऊन, रस्त्यावर गाड्यांची घाई, आणि जाड दार ढकलून आत गेलं की एकदम थंड, सरसाचा आणि जुन्या मखमलीचा वास, आणि दूर काळोखाच्या तळाशी मावशी. तिच्यावर उजेड यायचा आणि जायचा. ती पिवळी व्हायची, मग तांबूस, मग कुणीतरी वर शिडीवर रंगीत कागद बदलायचं आणि ती पाण्याखाली असल्यासारखी निळी व्हायची. निळेपणातून हळूहळू तिचा एक गाल उजळायचा. उस्ताद म्हणायचा, "थोडं कमी," आणि गाल विझायचा. वरच्या मजल्यावरून पियानो आणि एखादं अर्धवट गाणं झिरपत यायचं, मध्येच थांबायचं, परत पहिल्यापासून. मला वाटायचं, मावशी इथे नाहीच. तिचं अंग तिनं खुणेवर ठेवलंय, छत्री ठेवावी तसं, आणि स्वतः कुठेतरी गेलीय.

"कुठे जातेस गं?" मी एकदा विचारलं.

"घरी."

"आपल्या?"

"नाही. माझ्या."

मग तिनं मला ते सांगितलं, टप्प्याटप्प्यानं, बऱ्याच दिवसांत. तापाच्या वर्षी, ती नऊ वर्षांची असताना, डॉक्टरांनी तिला पलंगावरून पाय खाली टेकवायला बंदी केली होती. बाकीची भावंडं बाहेर खेळायची. ही पडल्या पडल्या मनानं घरभर फिरायची. दार उघडायची, जिना उतरायची, स्वयंपाकघरातल्या बरण्या बघायची, संध्याकाळ झाली की एकेक खिडकी लावून घ्यायची. बरी झाल्यावर ते घर सुटलं. एक्स्चेंजमध्ये वेळच नव्हता. पण रंगमंचावर पहिल्या दिवशी उजेडात उभी राहिली, समोर काळोखाशिवाय काही दिसेना, आणि पाय आपोआप त्या घराच्या दाराशी गेले.

घर आता तेच राहिलं नव्हतं. बाबा जे बांधायचे आणि मोडायचे, त्यातलं आवडलेलं मावशी उचलून आपल्या घरी नेऊन ठेवायची. चेटकिणीच्या खेळातला गोल जिना तिनं नेला. जहाजाची गोल खिडकी न्हाणीघराला लावली. एका कर्जबाजारी सरदाराच्या दिवाणखान्यातली हिरवी भिंत तिला फार आवडली होती, ती वरच्या खोलीला दिली. बाबांना हे कळलं तेव्हा ते हातातला रंधा ठेवून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जिन्याचा कठडा जरा हलतो, सांभाळ. दोन खिळे कमी मारले होते मी."

अशी चौदा वर्षं गेली, आणि मग तो हंगाम आला ज्यात कंपनीनं दोन नवे खेळ एकदम काढले. एक जुन्या वळणाचा, राणीचा. दुसरा अगदी नवा, कंपनीच्याच पियानोवाल्यानं रचलेला. त्यात बंदरावर एक बाई आहे. तिचा मुलगा बोटीवर गेलाय. रोज पहाटे ती धक्क्यावर येते, बोट येते, मुलगा उतरत नाही, ती परत जाते. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला चार मिनिटं नुसतं संगीत आहे. बाई उभी आणि हळूहळू उजाडतंय. गाणं नाही.

घोडं तिथेच अडलं. ते काम करणारी गायिका आमच्या कंपनीतली सगळ्यात मोठी. तिला सगळे बाईसाहेब म्हणत, तोंडावर आदरानं आणि मागे थोडं हसून. आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या छातीत घुमावा. पण चार मिनिटं गप्प उभं राहा म्हटलं की त्यांचं काहीतरी व्हायचं. हात कुठे ठेवावे कळायचं नाही. शाल सावरायच्या, उसासा टाकायच्या, क्षितिजाकडे बघून मान हलवायच्या. दिग्दर्शक तरुण होता, गळ्यात उन्हाळ्यातसुद्धा मफलर. तो म्हणायचा, "बाईसाहेब, काही करू नका." "काही करतच नाहीये मी!" बाईसाहेब म्हणायच्या आणि शाल सावरायच्या.

एका दुपारी दिग्दर्शक दिव्यांच्या तालमीला येऊन बसला. त्या पहाटेचाच उजेड लागत होता. खुणेवर मावशी. तो खुर्चीवर पुढे सरकला आणि तसाच राहिला. शेवटी उठून रंगमंचाशी गेला. "जागाताई, तुम्ही केवढं दुःख पाहिलं असेल हो आयुष्यात."

"कुठलं?" मावशी म्हणाली.

"हे जे तुम्ही असं स्थिर, आतल्या आत..."

"माझा घोटा दुखतो. हललं की जास्त दुखतो, म्हणून हलत नाही."

पण त्याच्या डोक्यात एकदा शिरलेलं बाहेर निघेना. त्यानं ठरवलं, त्या चार मिनिटांपुरती मावशीच उभी करायची, प्रेक्षकांकडे पाठमोरी, बाईसाहेबांच्या वेषात. अंधार झाला की अदलाबदल. बाईसाहेबांना हे सांगितलं तेव्हा त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. चार मिनिटं त्या अगदी हव्या तशा स्थिर होत्या, असं उस्ताद नंतर म्हणाला.

मावशीनं नाही म्हणायला हवं होतं. आईनं तसं सांगितलंही. "तुझं हृदय, तुझा घोटा, आणि त्यात लोकांसमोर?" पण मावशीच्या चेहऱ्यावर मी त्या आठवड्यात काहीतरी बघितलं जे आधी कधी बघितलं नव्हतं. ती आरशासमोर केस विंचरताना थांबायची. बाबांना तिनं विचारलं, "भावोजी, पाठमोरी मी बरी दिसते का हो?" बाबा म्हणाले, "मी काय, तुझी पाठ बघत बसतो का?" मग तिचा चेहरा पाहून घाईनं म्हणाले, "चांगली ताठ आहे. देवदारासारखी."

पहिल्या खेळाआधी आठ दिवस कंपनी एक खुली तालीम करायची. ओळखीपाळखीचे साठ-सत्तर लोक, कलावंतांचे नातेवाईक, जवळच्या शाळेतल्या दोन शिक्षिका. दुपारी तीनची वेळ. मी आणि आई सातव्या रांगेत. दोन अंक छान झाले. मग काळोख, वाद्यांचा अगदी हळू सूर, आणि निळ्या उजेडात धक्क्यावर पाठमोरी मावशी. लांब कोट, डोक्याला रुमाल. पूर्ण वेषात ती तशी कधी दिसली नव्हती मला. आईनं माझा हात धरला.

मावशीनं नंतर सांगितलं, तिला ठाऊकच नव्हतं. चौदा वर्षं तिनं त्या काळोखासमोर काढली होती, पण तो काळोख नेहमी रिकामा होता. त्यात फक्त उस्ताद आणि त्याची गोळी. त्या दिवशी काळोख श्वास घेत होता. तिला पाठीवर तो श्वास लागत होता. ती घराच्या दाराशी गेली, कडी काढायला हात पुढे केला, आणि मागे कुणीतरी खोकलं.

साधा खोकला. घसा साफ करावा तसा. माणूस फोनवर बोलायला सुरुवात करण्याआधी करतो तसा.

मावशी वळली, काळोखाकडे तोंड केलं आणि स्वच्छ, नम्र आवाजात म्हणाली, "बोला."

त्या कोठाराचा आवाजाचा गुण असा की रंगमंचावर टाचणी पडली तरी मागे ऐकू जाते. एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग शिक्षिकांपैकी एक फिसकन हसली, आणि हसू रांगारांगांतून पसरलं. दुष्टपणानं नाही, पण हसूच ते. वादक बिचारे वाजवत राहिले. उजेडही आपला ठरल्याप्रमाणे वाढत गेला, आणि त्या सुंदर पहाटेत मावशी चालत धक्क्याच्या कडेपर्यंत गेली, बाबांच्या सुतारखोलीतून मागच्या रस्त्यावर गेली, आणि त्याच कोटात, त्याच रुमालात घरी आली.

तीन दिवस ती कामावर गेली नाही. रडली वगैरे नाही. कोट झटकून, घडी करून बाबांच्या हाती परत पाठवला. स्वयंपाकघरामागच्या खोलीत पडून राहिली, अर्ध्या उघडणाऱ्या दाराकडे पाठ करून. मी विचारलं, "मावशी, घरी जातेस का?" ती म्हणाली, "दार लागत नाही गं आता. कडी कुठे गेली कुणास ठाऊक."

तिकडे उस्तादानं तिच्या जागी कोट टांगायचा खुंटाळा उभा केला होता. बाबा सांगायचे, त्याला मान नाही म्हणून उस्ताद त्याच्यावर ओरडतो. दिग्दर्शकानं माफीची चिठ्ठी पाठवली, चार पानी. मावशीनं पहिलं पान वाचून बाकीची उशाखाली ठेवली. बंदराच्या खेळाला चार दिवस उरले होते.

चौथ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो. दारात बाईसाहेब, घामाघूम, एक हात भिंतीला. आई इतकी गडबडली की "या" म्हणायच्या ऐवजी "कशाला?" म्हणाली.

"पाणी," बाईसाहेब म्हणाल्या.

मावशी स्वयंपाकघरात मटार सोलत होती. बाईसाहेब तिच्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. बऱ्याच वेळानं त्यांनीही एक शेंग उचलली. मी ओट्याशी भांडी पुसत होते, आणि इतकी हळू पुसत होते की एक ताट चार वेळा पुसून झालं.

"मला वाटलं मला आनंद होईल," बाईसाहेब म्हणाल्या. "तुम्ही चुकलात म्हणून. खरंच सांगते. झाला नाही."

"बरं," मावशी म्हणाली.

"आता परत मलाच उभं राहायचंय. आणि मला येत नाही." शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली. "गाताना मला भीती नसते. गप्प राहिले की माझा मला श्वास ऐकू येतो. गेल्या वर्षापासून त्यात एक बारीक शीळ आहे. डॉक्टर म्हणतात वय. तीच ऐकत राहते, आणि मग हात हलतात."

मावशीनं मान वर करून पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. डॉक्टर काय म्हणतात, हा विषय तिला कळणारा होता.

"तुम्ही तिथे उभ्या राहून वाट बघता का कुणाची?" बाईसाहेबांनी विचारलं. "दिग्दर्शक म्हणतो, तुम्ही खरोखर वाट बघताय असं वाटतं."

"छे. वाट बघायची म्हणजे हातपाय हलणारच. मी घरात फिरते." आणि मावशीनं त्यांना सांगितलं. गोल जिना, न्हाणीघराची खिडकी, हिरवी भिंत. मला तिनं वर्षभर तुकड्यातुकड्यांत सांगितलेलं त्यांना अर्ध्या तासात. मला थोडं लागलंच ते.

बाईसाहेब म्हणाल्या, "माझं घरच नाही. म्हणजे आहे, पण मी पंचवीस वर्षं गावोगावच्या हॉटेलांत राहिलेय. डोळे मिटले की जिन्यावरचा लाल गालिचा आणि नंबर लावलेली दारं दिसतात. तुमचं द्या ना. चार मिनिटांपुरतं."

"अख्खं नाही देता यायचं," मावशी लगेच म्हणाली, एखादी घरमालकीण म्हणेल तशी. बराच वेळ तिनं मटार सोलले. "एक खोली देते. वरची, हिरव्या भिंतीची. जिन्यानं सावकाश जायचं, कठडा हलतो. खोलीत पलंग आहे, कपाट आहे, एक खुर्ची. खिडकी उघडायची, बाहेर बघायचं, लावून घ्यायची, खाली यायचं. चार मिनिटं पुरतात. पण आतलं काही हलवायचं नाही. कपाट उघडायचं नाही."

"कपाटात काय आहे?"

"ते मलाही ठाऊक नाही. म्हणूनच उघडायचं नाही."

बाईसाहेबांनी अशी मान डोलावली, जणू खरोखरची किल्ली हातात पडली. मग आईनं त्यांना चहा दिला आणि खाली उतरताना कुठल्या मजल्यावर दिवा नाही ते सांगितलं. दुपारी मावशी उठून कामावर गेली. खुंटाळा बाजूला करून खुणेवर उभी राहिली. उस्ताद माईकवर फक्त एवढंच म्हणाला, "थोडं डावीकडे, जागाताई," आणि मग त्याला खोकला आला. दिवस मोजकेच उरले होते, पण रोज तालमीआधी बाईसाहेब तिच्या शेजारी येऊन उभ्या राहायच्या. दोघी शेजारी शेजारी, डोळे उघडे, दोघीही गप्प. बाबा म्हणायचे, "दोन बायका एकमेकींशी न बोलता एवढा वेळ? मी असं लाकूड पाहिलंय, बायका नाही."

पहिला खेळ रविवारी दुपारी होता. मावशी कधी खेळ बघायला जायची नाही. तिचं काम त्याआधीच संपलेलं असायचं. त्या दिवशी मीच तिला धरून नेलं. आम्ही मागे बसलो, भिंतीला टेकून. कोठार भरलं होतं, लोकांच्या कोटांना बाहेरच्या उन्हाचा वास येत होता.

तिसरा अंक. काळोख. मग निळा उजेड, इतका हळू आला की आला कधी ते कळलंच नाही. धक्क्यावर बाईसाहेब. मी त्यांच्याकडे बघायचं सोडून मावशीकडेच बघत होते. तिचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं.

"हे असं दिसतं?" ती पुटपुटली. "आतून नुसतं डोळ्यात जातं गं. मला वाटायचं पांढरंच असतं सगळं."

बाईसाहेब हलत नव्हत्या. हात कोटाशेजारी नुसते सोडलेले. पहिलं मिनिट गेलं असेल.

"दारातून आली आत," मावशी माझ्या कानाशी म्हणाली. "पायपुसणं ओलांडलं."

व्हायोलिनं एकेक करून जागी व्हायला लागली.

"आता जिना. सावकाश. शाबास."

मला समोर पाठमोरी बाई दिसत होती आणि तिच्या भोवती पाणी होतं, धुकं होतं, आकाश फिकट होत चाललं होतं. आणि त्याच वेळी मला शपथेवर सांगता येईल असा गोल जिना दिसत होता, आणि कठड्यावरचा हात. आजूबाजूला तीनशे माणसं होती. कुणी खोकलं नाही.

"खिडकी उघडली बघ," मावशी म्हणाली. त्याच क्षणी बाईसाहेबांची मान अगदी थोडी वर झाली, आणि उस्तादानं जपून ठेवलेला पहिला सोनेरी उजेड त्यांच्या रुमालाच्या कडेला लागला. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाई रडायला लागल्या. मावशी रडली नाही. तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते, आणि खिडकी लावून बाईसाहेब जिना उतरेपर्यंत ती श्वाससुद्धा जपून घेत होती.

खेळ संपल्यावर बाईसाहेब अर्धा रंग पुसलेला चेहरा घेऊन धावत बाहेर आल्या, गर्दीतून थेट मावशीपाशी. त्यांनी तिचे हात धरले. "शीळ ऐकूच आली नाही," त्या म्हणाल्या. "आणि एक सांगायचंय. मी ती खुर्ची जरा खिडकीपाशी ओढली. चालेल ना?"

मावशीचा चेहरा उतरला. आम्ही घराकडे निघालो. जिन्यात तिसऱ्या मजल्यावर दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाली, "सांगितलं होतं, काही हलवायचं नाही."

बंदराचा खेळ अकरा वेळा झाला. मधल्या दुपारी राणीच्या खेळाचे दिवे लागत होते आणि मावशी पुन्हा खुणेवर होती. आठवड्यानं मी विचारलं, "खुर्ची ठेवलीस का जागेवर?"

"ठेवली."

"मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी परत खिडकीशी. मी नाही ओढली, तीच ओढते. संध्याकाळी खिडक्या लावायला वर गेलं की बसलेली असते. तसं बरं वाटतं गं. इतकी वर्षं घरात कुणी नव्हतं."

पुढच्या वर्षी बाईसाहेब दुसऱ्या गावच्या मोठ्या कंपनीत गेल्या. मग पत्रं यायला लागली, नेहमी कुठल्यातरी हॉटेलच्या कागदावर. एका ओळीचं पत्र: "खोली रिकामी आहे ना?" मावशी उलट टपाली लिहायची: "आहे. चादर बदलली." आई हे वाचून कपाळाला हात लावायची. "दोघींनाही एकाच डॉक्टरकडे न्यायला हवं."

मावशी आणखी नऊ वर्षं उभी राहिली. उस्ताद गेला, त्याच्या जागी आलेल्या मुलीनं थंड दिवे आणले. त्यात ऊब नव्हती, आणि उजेड गालाच्या हाडावर आलाय की नाकावर, हे मावशीला कातडीनं कळेनासं झालं. घोटाही पार गेला. तिनं काम सोडलं, तेव्हा कंपनीनं तिला फुलं दिली आणि तिनं ती बाबांच्या सुतारखोलीत नेऊन सरसाच्या डब्यात ठेवली, कारण तिथे दुसरं भांडंच नव्हतं.

त्याच सुमारास बाईसाहेबांनीही गाणं थांबवलं. त्यांचं लांबलचक पत्र आलं, पहिल्यांदाच साध्या कागदावर. त्यांनी एक घर घेतलं होतं, खरोखरचं. वरच्या मजल्यावर एक जास्तीची खोली, भिंतीला हिरवा रंग देऊन घेतलेला. जोडीला हातानं काढलेला नकाशाही पाठवला होता. शेवटी लिहिलं होतं, "या."

मावशीनं चष्मा लावला, नकाशा स्वयंपाकघरातल्या उजेडात धरला, उलटा करून पाहिला, परत सुलटा केला.

"खिडकी चुकीच्या भिंतीला घेतलीय," ती म्हणाली.

पण गेली. आयुष्यात एकटीनं पहिलाच प्रवास, मी स्टेशनवर पोचवायला. आठ दिवसांसाठी गेली होती. सहाव्या आठवड्यात तिचं पत्र आलं, की हिवाळ्याचे कपडे पाठव, जाड मोजे विसरू नकोस, आणि भावोजींना विचार, कठड्याला नेमके कुठे दोन खिळे मारायचे. इथलाही हलतो.